सगळ्यांची पेटी

ब्रिजिता गेली त्या सकाळी मी डोंबिवलीला तिच्या घरात शिरले, तर तिचा मुलगा नेव्हिल सोफ्यावर बसून मोबाइलवर शवपेट्या बघत होता. शेजारी पेटीवाला. मिक्सर विकावा तसा बोटाने एकेक फोटो सरकवत होता.

"हे बघा सर, प्रीमियम. पितळी कड्या, आत सॅटिन, खाली गादी. एकदम सॉफ्ट."

"गादी कशाला?" मी दारातूनच विचारलं. "तिची पाठ दुखतेय का आता?"

पेटीवाला जराही गडबडला नाही. "आंटी, शेवटचा आराम असतो."

शेवटचा आराम! ठाण्याच्या कॉलेजात मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं. बाजार माणसाला काय काय गळ्यात मारतो, हे पोरांना ओरडून ओरडून सांगितलं. पण मेलेल्या बाईला गादी विकणारा मी प्रथमच पाहिला. आणि राग त्याचा नाही आला, त्याचा तो धंदाच. राग आला नेव्हिलचा. कारण त्याला माहीत होतं. ब्रिजिताला पेटी नको होती, हे तिच्या ओळखीच्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने ते कोणाला सांगायचं बाकी ठेवलंच नव्हतं. सुती चादरीत गुंडाळा, सगळ्यांच्या पेटीतून न्या, आणि मातीत ठेवा. बस.

ही सगळ्यांची पेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी राहते ठाण्यात, पण चर्च पहिल्यापासून डोंबिवलीचंच. आमची ही पॅरिश, म्हणजे त्या चर्चचा सगळा गोतावळा, गरीब होती तेव्हा चर्चची एकच सागवानी पेटी होती. कोणी वारलं की त्या पेटीतून त्याला सिमेतरीत न्यायचं, कबरीपाशी चादरीसकट उचलून खाली ठेवायचं, आणि पेटी रिकामी परत. पुढच्यासाठी. त्या पेटीतून कारखान्यातला फोरमन गेला, त्याच्या हाताखालचा हेल्पर गेला, एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या दोघी जावा एकापाठोपाठ एक गेल्या. मग लोकांकडे पैसा आला आणि ज्याची त्याची पेटी आली, पॉलिशची, सनमायक्याची. सगळ्यांच्या पेटीला लोक 'गरिबांची पेटी' म्हणू लागले, आणि हळूहळू गरीबही तिला नको म्हणू लागले. ती वेदीमागच्या खोलीत पडून राहिली. नाताळ झाला की येशूच्या गोठ्याच्या देखाव्यातल्या थर्माकोलच्या मेंढ्या तिच्यात भरून ठेवायचे.

आता ब्रिजिता तुस्कानो कोण होती ते. संत वगैरे नव्हती, हे आधी सांगते. माणूस मेला की त्याच्या डोक्यामागे लगेच तेजोवलय चिकटवायची आपल्याकडे खोड आहे, ती मला सहन होत नाही. ब्रिजिता हौशी होती, हावरी म्हटलं तरी चालेल. जांभळी नाक्याजवळच्या एका कापडाच्या दुकानात ती काउंटरवर होती, तिथेच आमची ओळख झाली. मी सुती साडी मागायला गेले आणि नायलॉनच्या दोन घेऊन बाहेर पडले. असं तिचं तोंड. टेरिकॉटचा तागा झटकन उलगडायची, मुठीत चुरगाळायची, सोडायची. "बघा साहेब, एक सुरकुती दाखवा. धुवा, आपटा, वाळवा. तुम्ही म्हातारे व्हाल, हे कापड नाही होणार." गिऱ्हाईक हसायचं आणि पँटपीस फाडून घ्यायचं.

घरातही तेच. इमारतीत पहिला मिक्सर तिचा, पहिला रंगीत टीव्ही तिचा. नवरा अंतोन एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता, गरीब माणूस, बायकोच्या हौसेखाली दबलेला. तो तरुणपणीच हार्टने गेला. ब्रिजिताने त्याला तिच्याच दुकानातल्या सगळ्यात भारी टेरिकॉटचा मरून सूट घातला, मोजे, बूट, टाय. वर प्लॅस्टिकच्या गुलाबांचं रीथ, कारण खरी फुलं संध्याकाळपर्यंत माना टाकतात. मीही तेव्हा म्हणाले होते, काय छान दिसतोय अंतोन.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिची सासू वारली. आमच्याकडे जागा थोडी, घराण्याची कबर एकच. जुनं माणूस मातीला मिळालं की तीच पुन्हा उघडायची. ब्रिजिता आणि मी सकाळीच सिमेतरीत गेलो. खड्डा खणणारा जगन कमरेइतका आत उभा होता. त्याने फावडं थांबवलं आणि वर पाहिलं.

"बाई, तुम्ही जरा तिकडं जावा."

"का? माझाच नवरा आहे ना तो?" म्हणत ही पुढे.

जगनने फावड्याने माती बाजूला केली. अंतोन नव्हता. मोजकी हाडं, ती चर्चच्या भिंतीतल्या कोनाड्यात जायची. पण सूट होता. मरून, सगळी बटणं लागलेली. नुसता झटकला असता तर काउंटरवर ठेवता आला असता. आणि शेजारी प्लॅस्टिकचे गुलाब, लालभडक.

जगन आपला सरळ बोलून गेला, "मानूस गेला मातीत, सूट ऱ्हायला. हल्ली आसंच ऱ्हातंय बगा."

ब्रिजिता वाकून बघत राहिली. मग मला म्हणाली, "आगू, हा तागा मी फाडला होता," आणि हसायला लागली. असं हसली की मी तिचा दंड धरला. राखेच्या बुधवारी फादर आपल्या कपाळाला राख लावतात आणि तू माती आहेस याची आठवण करून देतात. आपण मान खाली घालून हो म्हणतो, आणि मग नवऱ्याला न कुजणाऱ्या कापडात बांधून मातीच्या तोंडात कोंबतो. खा म्हणावं. मातीने नवरा खाल्ला, दुकान थुंकून टाकलं.

"हा सूट कुठे टाकू?" जगनने विचारलं.

"टाकतोस कुठे? जिथे टाकशील तिथे असाच राहील," ती म्हणाली. "खाली पुरून ठेव. ज्याचा आहे त्याच्यापाशी."

नेव्हिल तेव्हा मस्कतला होता. आईने फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "ममी, जेवताना काय बोलतेस असलं."

त्या दिवसानंतर ब्रिजिता बदलली, आणि खरं सांगायचं तर थोडी असह्य झाली. भाजीवाल्याशी पिशवीवरून भांडण. वाढदिवसाला फुगे लावले की त्या घरी केक खायची नाही. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेली, तर फादर ऑस्विनना म्हणाली, "फादर, मी तीन गाऊन घेतले, गरज एकाची होती." फादर म्हणाले, "बाई, हे काही पाप नाही." तर ही, "मग बाकीचे दोन ज्यांना मिळाले नाहीत, त्यांना विचारा पाप आहे का." रांगेतल्या बायका ऐकत होत्या. ब्रिजिताला हळू बोलणं जमायचं नाही. काउंटरवरचा आवाज तो.

चर्चला एसी बसवायचं निघालं तेव्हा तर सभेत उभीच राहिली.

"रविवारी तासभर घाम आला तर कोण मरतं? माझ्या दुकानातली शकू दिवा स्टेशनपाशी राहते. तिच्याकडे हंडाभर पाण्यासाठी बायका टँकरमागे धावतात. आपल्याला आत गार आणि तिला बाहेरचं गरम वारं? मग शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून आत बसून गायचं कशाला?"

मागून एक गृहस्थ म्हणाले, "ब्रिजिताबाई, तुमच्या मुलाकडे घोडबंदरला प्रत्येक खोलीत एसी आहे की."

"म्हणून तर सांगते! तिथे खिडकी कोणी उघडत नाही. शेजारचा मेला तर वास लिफ्टमध्ये येईल तेव्हा कळेल."

लोक हसले, आणि एसी बसला. त्याला देणगीदाराच्या नावाची पाटीही बसली. ब्रिजिता मग रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला बाहेर पायरीवर बसू लागली, हातात कागदी पंखा. मला दमा आहे, मला आतच बरं वाटतं. मी एकदा चाचरत तसं म्हटलं, तर खेकसली, "तू आत बस गं. तुला औषध आहे ते. यांना औषध नाही, नखरा आहे." सुखाला तिची हरकत नव्हती. दुसऱ्याच्या पानातलं उचलून आणलेल्या सुखाला होती. एवढा साधा फरक आमच्या सभेतल्या डॉक्टर-इंजिनियरांना कळू नये?

नेव्हिलने तिच्या खोलीतही एसी बसवून दिला होता. तिने त्यावर कापड घातलं आणि त्याला 'पाहुणा' म्हणू लागली. खरोखर कोणी आजारी पाहुणा आला तरच लावायची.

आणि चादर. ज्या दुकानात जन्म गेला तिथे साधं मांजरपाट मिळेना, म्हणून कल्याणच्या बाजारातून आणलं. हाताने टीप घातली. मला दाखवायला ठाण्याला, माझ्या वर्तकनगरच्या घरी घेऊन आली.

"ही माझी शेवटची साडी. कशी आहे?"

"बरी आहे. आता कपाटात ठेव आणि तो विषय बंद कर."

"कपाटात? एकदाच वापरायची वस्तू मी घरात ठेवत नाही, आगू."

आणि खरंच, ती चादर वापरात होती. मी तिच्याकडे राहायला गेले की त्याच चादरीवर झोपायचे. नाताळला जेवणाच्या टेबलावर तीच. एका नाताळला नेव्हिलच्या हातून इंद्यालच्या रश्शाचा वाडगा तिच्यावर उपडा झाला. मसाल्याचा तांबडा डाग काही गेला नाही. "घोड्याएवढा झालास तरी सांडतोस," म्हणून तिने त्याला बायकोसमोर झापलं होतं.

तर त्या सकाळी मी सोफ्यासमोर उभी होते आणि विचारलं, "चादर कुठे आहे?"

नेव्हिलने मान वर केली नाही. त्याची बायको प्रीती हळूच म्हणाली, "आंटी, कपाट बघितलं, पेटारा बघितला. नाही मिळाली."

मी सरळ गॅलरीत गेले. दोरीवर वाळत होती. मेच्या उन्हात पापडासारखी कडक. आदल्या दिवशी तिने धुऊन घातली होती, आणि रात्री झोपेत गेली. मी ती आणून नेव्हिलच्या मांडीवर ठेवली. तांबडा डाग बरोबर वर आला.

"ह्यात?" तो म्हणाला. "आंटी, डाग आहे ह्याच्यावर."

"तुझाच आहे."

"लोक येणारेत. माझ्या ऑफिसचे येणारेत. ममीला डाग पडलेल्या चादरीत, त्या थर्माकोल ठेवायच्या खोक्यात? काय म्हणतील, पोराने खर्च नाही केला?"

"म्हणू देत. त्यांच्यासाठी मेली का ती?"

"तुम्हाला कळत नाहीये!" तो ओरडला, आणि पेटीवालासुद्धा मोबाइल खाली ठेवून बसला. "तिने माझ्याकडून काही घेतलं नाही. काहीच नाही! एसी दिला, कापडाने झाकला. वॉशिंग मशिन दिलं, शकूआंटीला देऊन टाकलं. गाडी पाठवली तर रिक्षाने आली. मी मस्कतला उन्हात कशासाठी मेलो? शेवटचं तरी चांगलं घेऊ दे ना तिला. एवढं तरी."

खोटं वाटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. पण खरं होतं ते. मी म्हटलं, "नेव्हिल, तिने तुझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. तीच तुला द्यायची नाही, आणि न मागितलेलं सगळं द्यायचंय."

त्याने चादर माझ्याकडे सरकवली. मग पेटीवाल्याला म्हणाला, "पितळी कड्यांची. फायनल."

झालं. मी चादर घडी करून मांडीवर घेऊन बसले. करणार काय? मुलगा तो, मी कोण, मैत्रीण.

तासाभराने सिमेतरीतून पेटीवाल्याचा फोन आला. पेटी रुंद होती. कड्यांसकट कबरीत बसत नव्हती. नेव्हिलने यावं आणि काय करायचं ते सांगावं. मीही त्याच्या गाडीत चढले. त्याने नको म्हटलं नाही.

जगन आता म्हातारा झालाय, पण खड्ड्यात तोच उभा होता. पेटीवाला वर टेप धरून.

"वीतभर कमी पडतंय सर. बाजूची माती थोडी तोडली की झालं. तोडणाऱ्याला चहापाणी देऊन टाकू."

"बाजूला मानूस हाय," जगन म्हणाला. "पेदरू बेकरीवाला. त्याचीच पेटी फुटंल."

"त्याला आता काय कळतंय?" पेटीवाला म्हणाला.

माझ्या अंगाची लाही झाली. "अरे, शेजाऱ्याला ढोसून गादीवर झोपायचं? ती बाई जन्मभर ह्याच्याच विरुद्ध भांडली, आणि तुम्ही तिला मेल्यावर तेच करायला लावताय?"

नेव्हिल ऐकत नव्हता. तो खाली बघत होता. जगनने त्याच्या आजीची हाडं बाजूला काढून कबर पूर्ण खोल केली होती, आणि खालच्या थरातून पुन्हा तेच वर आलं होतं. मरून कापड. कोपराला किंचित मळलेलं, बाकी तसंच. बटणं लागलेली.

"हे काय आहे?" त्याने विचारलं. आवाज लहान मुलासारखा.

"तुमचे पपा," जगन म्हणाला, मग स्वतःच सुधारून, "पपांचा सूट. बाईंनी परत खाली ठेवायला सांगितला व्हता."

नेव्हिल उकिडवा बसला. त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला तो नऊ-दहा वर्षांचा होता. त्या सुटाच्या खिशात त्याने चॉकलेट ठेवलं होतं, हे मला ब्रिजिताने कधीतरी सांगितलं होतं. त्याने हात पुढे केला, कापडाला लावला, आणि झटकन मागे घेतला.

"मला वाटलं ती फोनवर असंच बोलतेय. मला घाबरवायला."

मी म्हणण्यासारखं सगळं खाली पडलं होतं.

उठून तो पेटीवाल्याला एवढंच म्हणाला, "घेऊन जा." पेटीवाला ॲडव्हान्स परत मिळणार नाही म्हणाला, तर मानेनेच बरं म्हणाला.

परत येताना गाडीत तो रडला. एसी पूर्ण सोडलेला होता, मला खोकला येत होता, पण मी बंद कर म्हटलं नाही. ब्रिजिताही म्हणाली नसती. घराखाली गाडी लावून त्याने विचारलं, "आंटी, चादरीला इस्त्री करायची का?"

"नको," मी म्हटलं. "सुरकुत्या असू देत."

चर्चमधून पेटी आणायला तो आणि फादर ऑस्विन स्वतः गेले. मेंढ्या काढल्या, धूळ पुसली. शकू दिव्याहून मोगऱ्याचे गजरे घेऊन आली, केळीच्या पानात. ब्रिजिता त्या पेटीतून निघाली तेव्हा कुजबुज झालीच. "अगं, एवढा मुलगा कमावता..." मी मागे वळून त्या बाईकडे असं पाहिलं की तिने जपमाळ काढली.

नेव्हिलच्या ऑफिसची माणसं प्लॅस्टिक फुलांची दोन मोठी रीथ घेऊन आली, वर चकाकती रिबिन. मी सिमेतरीच्या फाटकात आडवी उभी राहिले. "हे बाहेर ठेवा." ते नेव्हिलकडे बघू लागले. नेव्हिल म्हणाला, "आंटी सांगतायत तसं करा," आणि स्वतः रीथ घेऊन गाडीच्या डिकीत टाकली.

तिला चादरीसकट खाली उतरवलं. डाग वरच्या बाजूला होता, छातीवर. शेजारी पेदरू बेकरीवाल्याला धक्का लागला नाही. मरून सूट मात्र जगनने पुन्हा तिच्याखाली ठेवला. जाणार कुठे तो?

पेटी रिकामी परत गेली. ही गोष्ट इथे गोड झाली असं समजू नका. त्यानंतर पॅरिशमध्ये आणखी माणसं गेली आणि सगळी सॅटिनमध्ये गेली, प्लॅस्टिकच्या गुलाबांखाली, आणि प्रत्येक घरच्यांनी मला सांगितलं, टीचर, आमच्या आईने तसं काही म्हटलं नव्हतं. ब्रिजिता वेडी होती, हेच ठरलं. चर्चचा एसी चालूच आहे. मागच्या महिन्यात आणखी एक लागला, पाटीसकट.

परवा वेदीमागच्या खोलीत डोकावले. पेटी भिंतीला लावलेली. झाकण उचललं. आत मेंढ्या.

मी फादर ऑस्विनना बोलावलं आणि त्यांच्यासमोर त्या एकेक बाहेर काढून टेबलावर मांडल्या.

"टीचर, नाताळपर्यंत ठेवू कुठे ह्यांना?" ते म्हणाले.

"तुमच्या एसीवर ठेवा," मी म्हटलं. "पुढच्या वेळी ही पेटी मला लागणार आहे. तोवर रिकामी पाहिजे."

तसलीच मांजरपाटाची चादर माझ्याही घरात आहे. सध्या भाच्याने नेलीय, खडवलीला पिकनिकला.